पद्मपूरचा कवी आणि आकाशातून उडणाऱ्या दोघी

तिरोड्याहून हावड्याच्या दिशेची गाडी धरली, की गंगाझरी, गोंदिया, गुदमा आणि मग आमगाव. आमगावच्या जवळ, धानाच्या बांध्यांच्या मुलखात पदमपूर नावाचं गाव आहे. विदर्भातल्या पद्मपूर नगरात आपलं घराणं नांदत होतं, असं कवी भवभूती आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतो. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी ही माहितीही त्यानंच लिहून ठेवली आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं हे पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचंच नाव आहे.

भवभूती म्हटलं की आपल्याला करुण रस आठवतो, सीता आठवते, डोळ्यांतलं पाणी आठवतं. पण आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या या कवीनं ‘मालतीमाधव’ नावाचं एक दहा अंकी नाटकही लिहिलं आहे. ते पहिल्यांदा वाचताना मी थक्क झालो. त्यात चोरटं प्रेम आहे, स्मशानातली भुतं आहेत, नरबळी देणारा कापालिक आहे, पिंजऱ्यातून सुटलेला वाघ आहे, नवरीच्या वेशातला तरुण आहे आणि आकाशातून उडणाऱ्या दोन योगिनी आहेत. जादूच्या जगात घडणाऱ्या प्रेमकथांना हल्ली ‘रोमँटसी’ म्हणतात. सारा जे. मास या लेखिकेनं 2015 मध्ये सुरू केलेल्या मालिकेपासून अशा पुस्तकांची लाटच आली. त्यांतला जवळजवळ प्रत्येक मसाला आपल्या शेजारच्या पदमपूरच्या माणसानं सुमारे तेराशे वर्षांपूर्वी वापरला होता. त्यातून शृंगाराबद्दल तो जे म्हणत होता, ते आजच्या कितीतरी खपाऊ पुस्तकांपेक्षा धीट आहे.

गोष्ट अशी. एकत्र शिकलेल्या दोन मित्रांनी, आपल्या मुलांचं एकमेकांशी लग्न लावायचं असं ठरवलेलं असतं. पुढे दोघंही मंत्री होतात, एक पद्मावतीला, दुसरा विदर्भात कुंडिनपूरला. पण पद्मावतीच्या राजाला मंत्र्याची मुलगी मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची असते. राजाला नाही म्हणता येत नाही. मग कामंदकी नावाची एक वयस्क बौद्ध भिक्षुणी सूत्रं हातात घेते. शिकायला म्हणून पद्मावतीत आलेला माधव आणि ही मालती मदनोत्सवात एकमेकांना दिसतात आणि दोघांचंही चित्त जाग्यावर राहत नाही. लग्नात सगळ्यात मोठं मंगल कोणतं, तर दोघांची एकमेकांवरची ओढ, असं कामंदकी ठणकावून सांगते आणि अंगिरस ऋषींच्या वचनाचा आधार देते. आडवी येते ती राजाची मर्जी. मुलामुलीच्या ओढीच्या बाजूनं तर शास्त्रच उभं आहे.

पाचव्या अंकात माधव हताश होऊन रात्री मसणात जातो. पिशाचांना माणसाचं मांस विकून त्यांची मदत मिळवायची, हा त्याचा बेत. सभोवती प्रेतं फाडणारी भुतं आणि याच्या मनात मालतीचा चेहरा. बीभत्स आणि शृंगार एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच वेळी. तेवढ्यात ओळखीची किंकाळी ऐकू येते. चामुंडेच्या देवळात कापालिक अघोरघंट मालतीचा बळी द्यायला निघालेला असतो. माधव त्याला ठार मारतो. अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला सूड घ्यायची शपथ वाहते आणि पुढे संधी साधून मालतीला पळवते.

आता त्या दोघी. कपालकुंडला योगाच्या बळावर आकाशातून उडते, तिची ये-जा श्रीपर्वतावरून असते. कामंदकीची जुनी शिष्या सौदामिनीही त्याच श्रीपर्वतावर सिद्धी मिळवून उडायला शिकलेली. विद्या तीच, पर्वत तोच. एक मालतीला तिच्या इच्छेविरुद्ध उचलून नेते. दुसरी तिला सोडवते, विंध्याच्या रानात वेड लागल्यागत ढगाशी बोलत फिरणाऱ्या माधवापर्यंत बकुळीची माळ पोचवते आणि दोघांची गाठ घालून देते. या नाटकात जादू मुळात चांगली किंवा वाईट नाही. ज्या बाईवर ती चालते तिचं मन त्यात आहे की नाही, एवढंच पाहायचं. कवीनं हे कुठंही शब्दांत सांगितलेलं नाही, दोन उड्डाणं समोरासमोर ठेवून दाखवलं आहे.

पण प्रेम सांगायला जादू लागतेच कशाला? याचं एक फार प्रांजळ उत्तर मराठीत 1868 मध्ये दिलं गेलं. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही अद्भुतरम्य कादंबरी त्या वर्षी आली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपली अडचण मांडली आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर काही कारणांनी आपल्या रोजच्या जगण्यात मन गुंतवेल असं काही घडतच नाही, ते जसंच्या तसं लिहिलं तर रंजक होणार नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळणं भाग पडतं, असा त्यांचा मुद्दा. लहानपणीच लग्नं उरकणाऱ्या त्या समाजात तरुण-तरुणीनं एकमेकांना पाहणं, झुरणं, निवडणं हेच मुळात अशक्य कोटीतलं होतं. मग ते दाखवायला अशक्य जग उभारावं लागणारच. मराठी कादंबरीच्या पहिल्या पिढीवर ती भाबडी आणि पळपुटी असल्याचा शिक्का बसला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. वास्तवात ज्या ओढीला जागा नव्हती तिला त्या लेखकांनी निदान कल्पनेत घर दिलं.

भवभूतीचा खरा चमत्कार मात्र त्याच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. सीतात्यागाला बारा वर्षं झाली आहेत. राम पंचवटीत परत आला आहे, प्रत्येक झाड त्याला तिची आठवण देतं आणि तो मूर्च्छित पडतो. सीता तिथंच आहे, पण गंगेच्या कृपेनं अदृश्य. वनदेवतांनाही ती दिसत नाही, सोबतच्या तमसा नदीला तेवढी दिसते. तमसेच्या सांगण्यावरून सीता त्याला हात लावते आणि तो शुद्धीवर येतो. डोळ्यांना कोणी दिसत नाही, पण हा हात कुणाचा हे त्याचं अंग ओळखतं.

सीतेला घाम फुटतो, काटा येतो, ती थरथरते. तमसा तिच्याकडे पाहते आणि तिला कळ्या फुटलेल्या कदंबाची आठवण होते. आपली ही अवस्था तमसेनं पाहिली म्हणून सीता लाजते. ही नवथर मुलगी नाही, दोन मुलांची आई आहे, टाकलेली बायको आहे. नवऱ्यावरचा तिचा राग खरा आहे आणि अंगावर आलेला काटाही खरा आहे. साध्या प्रसंगात या दोघांना जवळ आणायचं तर आधी क्षमा, जाब, लोकापवाद हे सगळं मिटवावं लागलं असतं. कवीनं सीतेला अदृश्य केलं आणि तो सगळा हिशेब क्षणभर बाजूला राहिला. उरला फक्त स्पर्श. पहिल्या अंकात राम सीतेला वनवासातल्या रात्रींची आठवण करून देतो. गालाला गाल लावून दोघं काहीबाही बोलत बसत आणि रात्र कधी सरली ते कळत नसे. तिसऱ्या अंकातला हात त्या रात्रींमधून आलेला असतो.

याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात वाल्मीकी आणि क्रौंचवधाची कथा येते. रतिमग्न जोडीतला नर व्याधानं मारला आणि त्या शोकातून पहिला श्लोक निघाला. क्रौंच म्हणजे सारस, असं काही अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बांध्यांत आणि तलावांवर उरले आहेत, जोडीजोडीनं.

जगातल्या प्रसिद्ध अद्भुतकथांनी प्रेम आणि कामना मांडताना फार वेगवेगळे मार्ग धरले. टोल्किननं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये प्रसिद्ध केलं, पण त्यातल्या राजाची आणि त्याच्यासाठी अमरत्व सोडणाऱ्या आर्वेनची प्रेमकथा मुख्यतः परिशिष्टात ठेवली. अर्सुला ल ग्विन यांनी 1969 मध्ये अख्खा ग्रहच असा कल्पिला, की तिथली माणसं एरवी ना बाई ना पुरुष असतात आणि महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच त्यांच्यात कामना जागी होते. मग नवराबायकोपणाच्या आपल्या किती समजुती टिकतात, ते त्या तपासत जातात. 2005 मध्ये आलेल्या ‘ट्वायलाइट’मधला रक्तपिपासू नायक नायिका झोपेत असताना, तिला न विचारता, जवळजवळ रोज रात्री तिच्या खोलीत बसून तिला न्याहाळतो आणि हे मोठ्या प्रेमाचं लक्षण म्हणून लाखो मुलींनी वाचलं. इथं मला सीता आठवते. तीही न दिसता जवळ गेलेली असते. पण राम शुद्धीवर येताच ती घाबरून तमसेला म्हणते, की चल, लांब होऊ, परवानगीशिवाय जवळ आले म्हणून राजा रागावेल. ज्यानं तिला टाकलं त्याच्या संमतीची तिला एवढी फिकीर. हे वाचताना गलबलून येतं आणि थोडा संतापही येतो.

संमतीचा प्रश्न भवभूतीला अपघातानं सुचलेला नव्हता, याचा पुरावा ‘मालतीमाधवा’च्या सातव्या अंकात आहे. मालतीला वाचवण्यासाठी माधवाचा मित्र मकरंद तिचा नवरीवेश घालतो आणि त्याचंच नंदनाशी लग्न लागतं. पहिल्या रात्री नंदन आधी विनवण्या करतो, मग जबरदस्तीवर येतो, तेव्हा ही ‘नवरी’ त्याला झोडपून हाकलते. मंडपभर हशा पिकावा असा प्रसंग. पण कवी हशावर थांबत नाही. नंदनाची बहीण मदयंतिका वहिनीला जाब विचारायला येते, तेव्हा तिथल्या सख्यांपैकी एक कामसूत्राचा दाखला देते. बायका फुलांसारख्या असतात, त्यांच्याशी हळुवार वागावं, विश्वास मिळवण्याआधीच जबरी केली तर त्यांना समागमाचाच तिटकारा येतो. कामसूत्र म्हणजे आसनांची चित्रं एवढंच ठाऊक असलेल्यांनी ही जागा जरूर वाचावी. नव्या नवरीचा विश्वास कसा मिळवावा, यावर त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरणच आहे.

आणि मग मदयंतिका पांघरुणाखाली झोपेचं सोंग घेतलेल्या ‘वहिनी’समोर मन मोकळं करते. आपल्याला वाघापासून वाचवणारा मकरंद आपल्या मनात भरला आहे, हे ती बोलून जाते. मकरंद ऐकत राहतो, तिचं बोलणं पुरतं होऊ देतो. ती स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून चुकल्यावरच तो तिचा हात धरतो आणि त्याच रात्री दोघं निसटतात. बायकी वेशातल्या पुरुषानं नंदनाची जबरदस्ती परतवली आणि त्याच वेशात एका मुलीची इच्छा कान देऊन ऐकली. सगळ्या नाटकात मला हीच जागा सर्वांत आवडते.

‘मालतीमाधव’ कालप्रियनाथाच्या यात्रेत, जमलेल्या लोकांपुढे झालं होतं. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटकं चालतात. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच वठवतो आणि प्रेक्षक ते मनापासून स्वीकारतात. सातवा अंक कुणी झाडीबोलीत उतरवून तिरोडा-आमगावच्या एखाद्या मंडईत उभा केला, तर नंदनाला बसणाऱ्या लाथेवर मंडप दणाणेल. त्यानंतरचं फुलांचं बोलणं मात्र पाठ करून भरभर म्हणू नये. संवाद म्हणणाऱ्या नटानं तिथं जरा थांबून, समोर बसलेल्या नव्या नवरदेवांकडे पाहत ते सांगावं.