उंबराच्या आत

पिकलं उंबर फोडलं की आत बारीक किडे दिसतात आणि आपण ते टाकून देतो. पण ते किडे नसतील, तर उंबराला बीच धरणार नाही.

उंबर म्हणजे शेकडो फुलं पोटात घेतलेली बंद कुपी. टोकाला बारीकसं छिद्र. त्यातून गांधीलमाशीच्या जातकुळीतली इवलीशी मादी कच्च्या उंबरात शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि सहसा तिथेच मरते. नव्या पिढीतले बिनपंखी नर मीलनानंतर भिंत कुरतडून वाट करतात आणि पराग घेतलेल्या माद्या उडून जातात. त्यांचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात दुसरं कच्चं उंबर सापडायलाच हवं! त्यामुळे परिसरात कुठलं ना कुठलं उंबर कायम धरलेलं लागतं.

याचा फायदा इतरांना होतो. बाकी रानात फळं नसतात तेव्हा हरियाल, तांबट, धनेश, वटवाघळं उंबरावर तगतात आणि विष्ठेतून बिया दूरवर पेरतात. रस्त्यासाठी असं झाड तोडून त्याबदल्यात गुलमोहर लावणं ही भरपाई नव्हेच.

खाली पडलेली उंबरं मुंग्या, बुरशी आणि जिवाणू संपवतात. त्यातली खनिजं मातीत परतून पुन्हा मुळांकडे जातात. ऊर्जा मात्र परतत नाही. प्रत्येक टप्प्यावर ती उष्णता होऊन निसटते, म्हणून पानांना रोज नवं ऊन लागतं.