पदपथावरील बिऱ्हाडें



मुंबईच्या रस्त्यांवरून जातांना पदपथालगत गोणपाट, पत्रे व प्लॅस्टिक यांचीं खोपटीं तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलीं असतील. तीं पाहून, “हे लोक गांव सोडून येथें कशाला आले?” असा प्रश्न सहज ओठांवर येतो. उत्तर शोधूं लागलें कीं आपलाच समज चुकीचा होता, असें आढळून येतें.

घर म्हणजे चार भिंती व छप्पर, असें आपण मानतों. परंतु हातावर पोट असलेल्या माणसाला छपराइतकीच कामाची जवळीक अगत्याची असते. हमाल, मोलकरीण, फेरीवाला यांच्या तोकड्या कमाईंतून खोलीचें भाडें निघत नाहीं. आणि दूर स्वस्तांत राहावें, तर रोजच्या प्रवासांत पैसा व वेळ दोन्ही खर्ची पडतात. म्हणून कामाजवळच पथारी पसरावी लागते. हा आळस नव्हे, हिशेब आहे.

1981 सालीं महाराष्ट्र सरकारनें हीं खोपटीं पाडून लोकांना मूळ गांवीं धाडण्याचें ठरविलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. 10 जुलै 1985 रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड व त्यांचे सहकारी न्यायाधीश यांनीं निर्णय दिला: जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो; तथापि पदपथ चालणाऱ्यांचा आहे, त्यावर वस्ती करण्याचा हक्क कोणासही नाहीं. निर्णयाचीं दोन्हीं अंगें लक्षांत घ्या. खोपटें उठणार, पण मग जावयाचें कोठें?

या प्रश्नाला उत्तर शोधलें तें भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांनीं. 1984 सालीं स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेनें 1985 मध्यें सुमारें 6,000 कुटुंबांची पाहणी केली. कारण जो मोजला जात नाहीं, त्याची दाद लागत नाहीं. पुढें या स्त्रियांनीं ‘महिला मिलन’ ही संघटना उभारली. एकीनें दारोदार जाऊन प्रत्येकीची चिल्लर जमवावी, दुखण्याखुपण्यांत त्यांतूनच कर्ज द्यावें, आणि घरासाठीं वेगळी पुंजी सांठवावी, असा तिचा क्रम. झोपडपट्टीवासीयांचे पुढारी जॉकिन अर्पुतम्, ज्यांस 2000 सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हेही या कार्यांत सहभागी होते.

घराचा आराखडाही त्यांनीं स्वतःच केला. साड्या पसरून त्यांनीं खोलीची लांबीरुंदी ठरविली. जमीन महाग, म्हणून घर पसरावयाचें नाहीं, तर उंच करावयाचें: 14 फूट उंचीची खोली व आंत माळा. खालीं स्वयंपाक व काम, वर मुलांची निजण्याची जागा. खऱ्या मापाचा नमुना उभारून त्यांनीं तो सर्वांस दाखविला. पुढें मानखुर्दला अशा कुटुंबांची मिलननगर ही वसाहत उभी राहिली.

याने प्रश्न मिटला असें नाहीं. अनेक कुटुंबें आजही रस्त्यावर आहेत, आणि नवें घर कामापासून दूर गेलें कीं जुनीच अडचण पुन्हां दारांत उभी राहते.

वर्गाच्या जमिनीवर खडूनें 10 फूट रुंद व 15 फूट लांब चौकट आंखा. चूल, पाण्याचें पिंप, अंथरुणें व अभ्यासाचें दप्तर पांच जणांच्या संसारांत कोठें ठेवाल, तें ठरवा. मग त्या स्त्रियांच्या बुद्धीचें मोल कळेल. आणि पुढच्या वेळीं पदपथावरून जातांना आपली नजर निराळी झालेली असेल.