लाकडाच्या पोटातला दोष

बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसा झालेली असणे, हा जुन्या घरांच्या दुरुस्तीतला नेहमीचा अनुभव आहे. वाळवी लाकूड आतून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. बुरशीचे काम त्याहून छुपे असते. तपकिरी कूज लागलेल्या लाकडाचे वजन जेमतेम दहा टक्क्यांनी घटते, तोवर त्याची धक्का सोसण्याची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असते. लाकूड न कापता असे दोष शोधायचे तर त्याला ठोका देऊन उठणारी कंपने मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

जाणते सुतार हे कानाने करत आले आहेत. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. मात्र कानाला आकडा सांगता येत नाही आणि थोडासा बिघाड तो सहसा पकडत नाही.

लाकडात तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला साधारण ३,५०० ते ५,००० मीटर धावतो. त्याचा वेग लाकडाच्या ताठपणावर आणि घनतेवर ठरतो. समजा, ४ मीटर लांबीची तुळई मऊ आधारांवर मोकळी ठेवली आणि तिच्या टोकावर हातोडीने ठोका दिला. लहर दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येते, म्हणजे ८ मीटर चालते. वेग ४,८०० मीटर असेल तर ही फेरी सेकंदाला ६०० वेळा होते, आणि तोच तुळईचा मूळ स्वर, ६०० हर्ट्झ. तेवढ्याच लांबीची आणि घनतेची दुसरी तुळई ५०० हर्ट्झला वाजली, तर फरक किरकोळ समजू नये. ताठपणा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे स्वर एक षष्ठांशाने उतरला की ताठपणा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरतो. साध्या मोबाइलचा मायक्रोफोन आणि वारंवारता दाखवणारे ॲप एवढ्यावर ही मोजणी होते, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

एका स्वरावरून दोष आहे एवढा संशय येतो. तो कुठे आहे हे वरच्या स्वरांवरून कळते, आणि या तंत्राचे खरे सौंदर्य इथेच आहे. निर्दोष तुळईचे लांबीच्या दिशेचे स्वर १:२:३ अशा प्रमाणात असतात. पहिल्या स्वरात सर्वाधिक ताण मध्यभागी येतो. दुसऱ्या स्वरात मध्यभागी ताण जवळपास शून्य असतो. म्हणून मध्यावर कूज असेल तर पहिला स्वर उतरतो आणि दुसरा जागच्या जागी राहतो. ६०० आणि १,२०० ऐवजी ५७० आणि १,२०० असे आकडे आले, तर आधी मध्यभाग तपासावा. दोष डाव्या अर्ध्यात आहे की उजव्या, हे मात्र या आकड्यांतून उमगत नाही, कारण दोन्ही बाजूंचा परिणाम सारखाच होतो. लांबीला समांतर गेलेल्या चिराही या कंपनातून निसटतात. त्यांच्यासाठी ठोका बाजूने द्यावा लागतो.

भिंतीत बसवलेली तुळई मोकळेपणाने वाजू शकत नाही. पंचाईत अशी की, भिंतीतला ओलावा शोषणारी टोकेच बहुधा आधी कुजतात. तिथे लहरीला लागणारा वेळ मोजतात. लाकडाच्या एका बाजूला ठोका देतात, समोरच्या बाजूला सेन्सर लावतात आणि लहर किती मायक्रोसेकंदांत पोचली ते पाहतात. पोकळी आड आली की लहरीला वळसा घालावा लागतो, कुजलेल्या भागातून ती रेंगाळत जाते. अमेरिकेतील मॅडिसन येथे १९१० मध्ये स्थापन झालेल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेने या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. डग्लस फर या निरोगी लाकडातून आडवे जायला लहरीला मीटरमागे सुमारे ८०० मायक्रोसेकंद लागतात. अतिशय कुजलेल्या लाकडात हा आकडा ३,२०० पर्यंत जातो. वेळ ३० टक्क्यांनी वाढला तर ताकद निम्म्यावर आल्याचे धरतात. १७९७ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेचे लाकूडही १९९०च्या दशकात याच रीतीने तपासले गेले.

उभ्या झाडासाठी खोडाभोवती अनेक सेन्सर बसवून प्रत्येकावर आळीपाळीने ठोका देतात. सगळ्या वेळांवरून संगणक खोडाच्या छेदाचा रंगीत नकाशा काढतो आणि ढोली कुठवर पसरली आहे ते दिसते. पावसाळ्यात शहरांतल्या रस्त्यांवर कोसळणाऱ्या झाडांसाठी हे उपयोगी आहे, तरी त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते: खोदकामात तुटलेली किंवा काँक्रीटखाली गुदमरलेली मुळे खोडाच्या नकाशात दिसत नाहीत.

ओलावा हा सर्वांत मोठा फसवा घटक. ओल्या लाकडात लहर मंदावते, त्यामुळे पावसाळ्यात निरोगी खांबही आजारी वाटू शकतो. मोठी गाठ आणि वाकडे गेलेले तंतूही आकडे बिघडवतात. म्हणून ओलाव्याची नोंद न करता घेतलेल्या मोजणीला अर्थ नाही, आणि एकाच दिशेने घेतलेल्या मोजणीलाही फारसा नाही. जुन्या वाड्यांतले सागवान सरसकट काढून टाकण्याआधी एवढी तपासणी व्हायलाच हवी. कित्येकदा कुजलेले टोक कापून तिथे नवा तुकडा सांधला की बाकीची तुळई कामी येते. कापायचे कुठून, हे ठरवताना संशयित जागी सुमारे ३ मिलिमीटरचे बारीक ड्रिल आत घालतात. त्याला होणारा विरोध यंत्र नोंदवते आणि कुजलेल्या भागाची हद्द त्यावरून नक्की होते.