ड्रायव्हर मागे फिरवताना

मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ हा ग्राफिक्स ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्या ड्रायव्हरमुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते, कार्डं तापत होती. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या अमरावती-अकोल्यात असा ड्रायव्हर किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

असेंबल केलेल्या संगणकात मदरबोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचं. सगळ्याची जबाबदारी घेणारा एकच उत्पादक नसतो. म्हणून ड्रायव्हर बदलण्याआधीच विंडोजचा रिस्टोअर पॉइंट तयार करावा. नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवावा, कारण तोच बिघडला तर इंटरनेटवरून काहीच उतरवता येत नाही. ही तयारी बहुतेक जण टाळतात, आणि खरा घोळ तिथेच होतो.

नवा ड्रायव्हर बिघडलाच, तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडावा, ज्या भागाचा तो ड्रायव्हर आहे त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावं. बटण फिकट दिसलं, तर मागची आवृत्ती साठवलेली नाही असं समजावं. मग रिस्टोअर पॉइंट कामी येतो, नाहीतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरची जुनी फाइल.

पडदाच काळा पडला, तर सेफ मोडमध्ये जाऊन हेच करावं. डिस्क कूटबद्ध करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी; सेफ मोडमध्ये जाताना ती विचारली जाऊ शकते.

सगळं पूर्ववत झाल्यावर विंडोज अपडेट काही दिवस थांबवावं; नाहीतर तोच ड्रायव्हर पुन्हा आपोआप बसू शकतो.