नेरूळहून अंधेरी: क्लबने मैदान बदललं की चाहत्यांचं नेमकं काय बदलतं?

डहाणू तालुक्यातल्या सरावलीहून मुंबई सिटी एफसीची होम मॅच बघायची, तर 2014 आणि 2015 मध्ये प्रवास साधारण असा असायचा. डहाणू रोडहून लोकल पकडायची, दादरला उतरून पूल ओलांडायचा, मध्य रेल्वेने कुर्ला गाठायचं आणि तिथून हार्बर लाइनने नेरूळ. 2016 मध्ये क्लबने आपलं मैदान अंधेरीला हलवलं आणि हाच प्रवास एका लोकलवर आला. अंधेरीला उतरा, मेट्रो पकडा, आझाद नगरला पोहोचा.

नेरूळ, वाशी, पनवेलच्या चाहत्यांचं गणित मात्र नेमकं उलटं झालं. जी टीम दाराशी खेळत होती, ती एकाएकी खाडीपलीकडे गेली.

क्लब नवीन स्टेडियममध्ये गेला की बातमी होते ती आसनक्षमतेची, गवताची आणि फ्लडलाइट्सची. चाहत्यांसाठी पहिला बदल असतो तो रस्त्याचा. कोणत्या गाडीने जायचं, कुणाबरोबर जायचं, परत कसं यायचं, सगळं नव्याने बसवावं लागतं.

मोठ्या मैदानातून छोट्या मैदानात कशासाठी?

मुंबई सिटीची गोष्ट जगाच्या उलटी आहे, म्हणून ती जास्त इंटरेस्टिंग आहे. बहुतेक क्लब मोठ्या मैदानात जातात. आर्सेनलने 2006 मध्ये हायबरी सोडलं तेव्हा सुमारे 38 हजारांवरून ते 60 हजारांवर गेले. मुंबई सिटीने मात्र नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम सोडून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातलं मुंबई फुटबॉल अरीना निवडलं, जिथे जेमतेम सात हजार प्रेक्षक बसतात.

तोटा वाटतो ना? आता थोडी मोजमापं बघू.

डी. वाय. पाटील हे मुळात क्रिकेटचं स्टेडियम. 2008 च्या पहिल्या आयपीएलची फायनल इथेच झाली होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बाउंड्री खेळपट्टीच्या मध्यापासून किमान 65 यार्ड, म्हणजे 59 मीटरहून जास्त लांब लागते. फुटबॉलचं मैदान साधारण 68 मीटर रुंद असतं, म्हणजे मध्यापासून कडेची रेषा 34 मीटरवर. दोन्हीतला फरक किमान 25 मीटर. स्टँडमधल्या माणसाने ओरडायचं आणि खेळाडूपर्यंत आवाज पोहोचायचा, तर मध्ये एवढं रिकामं गवत. त्यात अर्धं स्टेडियम मोकळं असेल तर दहा-पंधरा हजार लोकही विरळ वाटतात.

अंधेरीत सात हजारांत मैदान भरतं आणि स्टँड रेषेच्या जवळ आहेत. वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा मुंबई सिटीच्या चाहत्यांचा गट. असे गट ढोल, घोषणा आणि बॅनरवर चालतात, त्यांच्यासाठी हा बदल मोठा होता. निकालानेही साथ दिली. 19 नोव्हेंबर 2016 ला केरला ब्लास्टर्सवर 5-0 असा विजय मिळाला. 2010 च्या वर्ल्ड कपचा गोल्डन बॉल जिंकलेल्या दिएगो फोर्लानने त्यात हॅटट्रिक केली. त्या मोसमात टीम साखळीत पहिली आली. अशा संध्याकाळी एखादी जागा ‘आपली’ व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

हेच लंडनच्या वेस्ट हॅमला जमलं नाही. त्यांनीही 2016 मध्येच, 112 वर्षं वापरलेलं अप्टन पार्क सोडलं आणि ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये गेले. जागा वाढल्या, पण ॲथलेटिक्स ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब गेले आणि चाहत्यांची नाराजी वर्षानुवर्षं टिकली. एव्हर्टनने 2025 मध्ये वेगळी वाट धरली. 1892 पासूनचं गुडिसन पार्क न पाडता त्यांनी ते महिला संघाला दिलं. जुन्या चाहत्यांना तिथे जाता येतं, ही साधी गोष्ट वाटते, पण फार कमी क्लब ती करतात.

भाडेकरूची अडचण

भारतात प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. इथल्या बहुतेक क्लबांच्या मालकीचं स्टेडियमच नसतं. नेरूळचं मैदान खासगी संस्थेचं, अंधेरीचं महापालिकेशी जोडलेल्या प्रतिष्ठानचं. क्लब भाडेकरू आणि चाहते भाडेकरूचे पाहुणे.

याचा सगळ्यात कडू अनुभव जुन्या मुंबई एफसीच्या चाहत्यांना आला. 2007 मध्ये सुरू झालेला हा क्लब कूपरेजवर खेळायचा. कूपरेजचं काम निघालं आणि काही मोसम ‘होम’ मॅच पुण्यात, बालेवाडीत झाल्या. आपल्याच शहराच्या टीमसाठी एक्सप्रेसवे ओलांडून किती जण जाणार? टीम पुढे कूपरेजला परतली, पण 2017 मध्ये आय-लीगमधून खाली घसरल्यावर क्लबच बंद झाला.

कोरोनाच्या काळात तर मुंबई सिटीच्या चाहत्यांकडे कोणतंच मैदान नव्हतं. 2020-21 चा मोसम गोव्यात बंद दाराआड झाला. क्लबने पहिलं विजेतेपद 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यात जिंकलं. बिपिन सिंगचा 90 व्या मिनिटाचा विजयी गोल चाहत्यांनी टीव्हीवर पाहिला.

मग मैदान जवळ आलं की प्रश्न सुटला?

पूर्ण नाही. सरावलीसारख्या गावातल्या चाहत्यासाठी अंतर कमी झालं, वेळ तीच राहिली. लोकल डहाणू रोडपर्यंत आली ती एप्रिल 2013 मध्ये, पण विरारच्या पुढे गाड्या आजही मोजक्याच. संध्याकाळी सात-साडेसातला सुरू झालेली मॅच मध्यांतर धरून नऊ-साडेनऊला संपते. म्हणजे शेवटची दहा मिनिटं एक डोळा बॉलवर आणि एक घड्याळावर. नवीन मैदान ठरवताना शेवटच्या गाडीची वेळ कुणी विचारात घेतं का, हा प्रश्न चाहत्यांनी क्लबला विचारायलाच हवा.

आणि भाडेकरूला सामान कधीही हलवावं लागतं. 2023 मध्ये मुंबई सिटी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तेव्हा 18 सप्टेंबरची नासाजीविरुद्धची होम मॅच पुन्हा बालेवाडीत झाली. 6 नोव्हेंबरला सौदी अरेबियाचा अल हिलाल आला, तेव्हा मॅच होती नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर. नेमार दुखापतीमुळे आला नाही, अल हिलालने 2-0 ने मॅच जिंकली. त्या दिवशी हार्बर लाइनचं वेळापत्रक अंधेरीवाल्यांना काढावं लागलं आणि नेरूळकर पुन्हा चालत मॅचला गेले.