निरोपालाही मुदत असते

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण आपण सर्वांनी पाठ केली आहे. उशिरा पोचलेल्या निरोपाचेही तसेच असते. ‘उद्या सकाळची शाळा’ हा निरोप दोन दिवसांनी मिळाला तर त्याचा उपयोग तर नाहीच, उलट घोटाळा होतो. म्हणून मोबाईल व संगणकाच्या यंत्रणेत निरोपाला मुदत घालून देण्याची सोय असते. ती कशी चालते ते पाहू.

आपण पाठवलेला एसएमएस थेट समोरच्या फोनवर जात नाही. तो आधी मोबाईल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. समोरचा फोन बंद असेल तर तेथेच थांबतो. किती काळ थांबायचे, हे लिहिण्याची जागा संदेशातच असते. जीएसएमच्या नियमानुसार ही मुदत ५ मिनिटांपासून ६३ आठवड्यांपर्यंत देता येते. मुदत संपली की केंद्र तो संदेश काढून टाकते. व्हॉट्सअ‍ॅपही न पोचलेला संदेश ३० दिवसच सांभाळते.

मोठ्या यंत्रणांत एक संगणक निरोप रांगेत ठेवतो आणि दुसरा ते एकेक करून उचलतो. या रांगेला ‘मेसेज क्यू’ म्हणतात. उचलणारा संथ झाला की रेशन दुकानासारखी रांग वाढते आणि ताजे निरोप शिळ्या निरोपांमागे अडकतात. यावर उपाय म्हणजे मुदत. २००७ साली आलेल्या ‘रॅबिटएमक्यू’ या प्रणालीत ती मिलिसेकंदांत देतात. ६०,००० लिहिले की एक मिनिट. मुदत सगळ्या रांगेला देता येते किंवा एकेका निरोपाला. दोन्ही दिल्यास जी कमी ती लागू होते. ‘अ‍ॅमेझॉन एसक्यूएस’मध्ये वेगळे काही न सांगितल्यास निरोप ४ दिवस राहतो. ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवसांपर्यंत वाढवता येते.

मुदत संपलेला प्रत्येक निरोप फेकलाच पाहिजे असे नाही. रॅबिटएमक्यूमध्ये तो वेगळ्या रांगेत वळवता येतो, म्हणजे काय राहून गेले ते नंतर तपासता येते. या रांगेला ‘डेड लेटर’ रांग म्हणतात. हा शब्द टपालातला आहे. ज्या पत्राचा मालक सापडत नाही ते टपालखात्याच्या खास कार्यालयात जाते आणि पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी तेथे उघडले जाते.

आता आपल्या भागाकडे पाहू. हवामान खात्याचा विजांचा तातडीचा इशारा साधारण तीन तासांपुरता असतो. तो सकाळी निघून संध्याकाळी भालकीच्या किंवा औरादच्या शेतात पोचला तर माणूस निरभ्र आकाशाखाली काम सोडून पळेल आणि पुढचा खरा इशारा मनावर घेणार नाही. मांजरा नदीत वरून पाणी सोडल्याच्या निरोपाचेही असेच. असा निरोप वेळेवर पोचावा, नाहीतर पोचूच नये. याउलट शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा शुल्काची पावती कितीही उशीर झाला तरी गहाळ होता कामा नये. त्यांना छोटी मुदत लावणे म्हणजे एखाद्याचा हक्क बुडवणे होय. कोणाला किती मुदत हे यंत्राला कळत नाही. ते माणसानेच ठरवायचे असते.

आणखी एक गोष्ट पालकांनी व विश्वस्त मंडळींनी ध्यानात घ्यावी. यंत्राची मुदत निरोप रांगेत असेपर्यंतच चालते. एकदा फोनवर आलेला निरोप पुढे या गटातून त्या गटात महिनोन् महिने फिरत राहतो. तेथे त्याला थांबवणारे कोणी नाही. म्हणून सूचना लिहिताना तारीख, वार आणि ‘केव्हापर्यंत’ हे तिन्ही त्यात लिहावे, अशी आमची सर्वांना विनंती आहे.