कॉलम काढला, पण जकातीचा हिशेब बिघडला नाही ना?

रमजान जवळ आला की अनेक घरांत गेल्या वर्षीची जकातीची एक्सेल फाइल उघडली जाते. नको असलेला एखादा कॉलम आपण सहज डिलीट करतो. पण त्यावर अवलंबून असलेली सूत्रं शाबूत आहेत का, हे कुणी बघत नाही.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या शीटवर क्रमाने नाव, मोबाइल, रोख, सोने, व्यापारी माल आणि कर्ज असे सहा कॉलम आहेत. रोख 2,00,000, सोने 4,00,000, माल 3,00,000, कर्ज 50,000. (मसला आपल्या आलिमांना विचारावा, इथे फक्त हिशेबाची बात.) कर्ज वजा जाता उरले 8,50,000. अडीच टक्क्याने जकात 21,250.

दुसऱ्या शीटवर व्हीलुकअप सूत्र या रकमा कॉलमच्या क्रमांकाने उचलतं: रोख तिसरा, सोने चौथा, माल पाचवा, कर्ज सहावा. आता मोबाइलचा कॉलम काढला. सगळे कॉलम एक घर सरकले, सूत्रातले क्रमांक मात्र तेच राहिले. रोखीच्या जागी सोने आलं, सोन्याच्या जागी माल, मालाच्या जागी चक्क कर्ज! सहावा कॉलम उरलाच नाही. तिथे '#रेफ!' दिसायला हवं. पण इफएरर लावून शून्य दाखवायला सांगितलं असेल तर शून्यच दिसतं. बेरीज 7,50,000, जकात 18,750. म्हणजे 2,500 रुपये कमी, आणि स्क्रीनवर चुकीची एकही खूण नाही.

म्हणून एवढं करा:

1. आधी फाइलची कॉपी ठेवा, शेवटची रक्कम कागदावर लिहा. मोबाइलसारखा बिनरकमेचा कॉलम काढल्यावर ती बदलता कामा नये.
2. कंट्रोल-एफ दाबून इंग्रजी अक्षरांत '#रेफ!' शोधा. ऑप्शन्समध्ये वर्कबुक आणि फॉर्म्युलाज निवडा.
3. तसंच व्हीलुकअप आणि इफएरर शोधा. व्हीलुकअपमधला क्रमांक बोटाने कॉलम मोजून पडताळा.
4. सम सूत्राच्या मधला कॉलम काढला तर बेरीज गुपचूप कमी होते. तीही पाहा.
5. संस्थेचा हिशेब पॉवर पिव्हटमध्ये असेल तर काढलेल्या कॉलमचं नाव असलेलं प्रत्येक मेजर उघडून तपासा.

काही चुकलंच तर लगेच कंट्रोल-झेड, नाहीतर जुनी कॉपी आहेच. दहा मिनिटांचं काम आहे. पण ते 2,500 रुपये आपले नाहीत, कुणा गरजूचा हक आहे.